मनातले मांडे आणि पाचशे दिवस : '५०० डेज ऑफ समर'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली दहा-बारा वर्षं मी हा सिनेमा लोकांना बघायला लावते आहे. भाची, ऑफिसातल्या मैत्रिणी, एकदा तर शेजारच्या काकूसुद्धा. बघून झाला की दुसऱ्या दिवशी फोन येतो, आणि फोनवरचे प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एकदा नीट लिहून काढले आहेत. उत्तरांत शेवटासकट सगळं येतं, त्यामुळे ज्यांना कोऱ्या मनाने बघायचा असेल त्यांनी आधी सिनेमा बघून घ्या.

नेमका कोणता सिनेमा? गोष्ट काय आहे?

२००९ सालचा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक मार्क वेब, लेखक स्कॉट न्यूस्टॅटर आणि मायकल एच. वेबर. टॉम हॅन्सन हा लॉस एंजेलिसमधला तरुण. शिकलाय आर्किटेक्चर, पण पोटासाठी एका ग्रीटिंग कार्डांच्या कंपनीत शुभेच्छांच्या ओळी लिहितो. ८ जानेवारीला ऑफिसात साहेबांची नवी असिस्टंट येते, समर फिन. टॉमला त्याच क्षणी वाटतं की हीच ती. समर असं काही मानत नाही. दोघं काही महिने एकत्र हिंडतात-फिरतात, मग ती संबंध संपवते आणि टॉम कोलमडतो. जोसेफ गॉर्डन-लेव्हिट टॉम झालाय आणि झोई डेशनेल समर.

जेमतेम दीड तासाचा सिनेमा. सुमारे ७५ लाख डॉलरमध्ये केला आणि जगभरात सहा कोटींच्या आसपास डॉलर कमावले. जानेवारी २००९मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि जुलैमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला.

पडद्यावर आकडे येतात ते काय? मधेच पुढे, मधेच मागे. काहीच कळत नाही.

ते दिवस आहेत. टॉमने समरला पाहिलं तो पहिला दिवस, आणि तिच्या विचारांतून तो पूर्ण सुटला तो पाचशेवा. गोष्ट मात्र एक, दोन, तीन अशी जात नाही. सुरुवात होते ४८८व्या दिवसाने, मग पहिला, मग एकदम २९०वा, म्हणजे ती नातं संपवते तो. आकड्यामागे झाडाचं एक चित्र असतं. बरे दिवस असले की ते टवटवीत असतं, वाईट दिवस आले की करडं पडतं. आकडा लक्षात राहिला नाही तरी झाडावरून अंदाज येतो.

ही उलटसुलट मांडणी मला अतिशय आवडते, कारण संबंध तुटलेला माणूस आठवतो तो असाच. क्रमाने कोणी आठवत नाही. ताटात पोहे आले की तिसऱ्या आठवड्यातली सकाळ आठवते, तिच्यावरून शेवटचं भांडण, भांडणावरून पहिला फोन. टॉमचं डोकं जसं चालतं तसा सिनेमा चालतो.

एक साधा हिशेब करून बघा. २९०व्या दिवशी संपलं. म्हणजे पाचशेतले शेवटचे २१० दिवस समर त्याची नाहीच, आणि पहिला जवळजवळ महिनाही नव्हती. मोजणी तरीही चालूच आहे. हे दिवस टॉमचे आहेत. समरने मोजले असते तर आकडा वेगळा आला असता.

'ही प्रेमकथा नाही' असं निवेदक सुरुवातीलाच का सांगतो? मग बघायचं कशाला?

कारण तो खरं सांगतोय. मुलगा मुलीला भेटतो त्याची ही गोष्ट आहे, पण प्रेमकथा नाही, इतकं स्वच्छ तो पहिल्या काही मिनिटांत बोलतो. आपण ते ऐकतो, आणि तरी शेवटपर्यंत आशा लावून बसतो की जमेल, आत्ता जमेल. माझ्या मते सिनेमाची सगळ्यात हुशार जागा हीच. टॉमला समर जे तोंडावर सांगते ते तो ऐकत नाही, आणि आपल्याला निवेदक जे तोंडावर सांगतो ते आपण ऐकत नाही.

समरने टॉमला खेळवलं ना? चूक तिचीच आहे.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. सविस्तर सांगते.

आधी समर काय काय म्हणाली ते बघा. २८व्या दिवशी ऑफिसची मंडळी गाणी म्हणायला एका बारमध्ये जमतात. तिथे ती सगळ्यांसमोर सांगते की मला कोणाची गर्लफ्रेंड व्हायचं नाही, प्रेमबीम मी मानत नाही. त्याच रात्री टॉमचा दारू प्यायलेला मित्र मॅकेन्झी तिच्याकडे चहाडी करतो की टॉमला तू आवडतेस. ती टॉमला सरळ विचारते. टॉम म्हणतो, हो, मैत्रीण म्हणून. म्हणजे पहिली थाप टॉमची आहे. तिने दार उघडं ठेवून विचारलं होतं आणि त्याने स्वतः ते ओढून घेतलं.

मग ३४वा दिवस. दोघं आयकिया या फर्निचरच्या दुकानात भातुकली खेळतात. नळ फिरवतात, पाणी येत नाही, म्हणून बाजूच्या स्वयंपाकघरात जातात, कारण 'आपण दोन स्वयंपाकघरांचं घर घेतलंय ना'. मांडून ठेवलेल्या पलंगावर पडतात. आणि तिथे, त्या खोट्या घरांच्या दुकानातच, समर सांगते की मला गंभीर असं काही नको आहे, चालेल ना? टॉम हो म्हणतो. चेहऱ्याकडे नीट बघा. तो 'चालेल' म्हणत असताना मनात 'बघू, बदलेल' म्हणतोय.

पुढेही ती अनेकदा तेच सांगते. त्यामुळे 'खेळवलं' हा शब्द मला पटत नाही. खेळवणारा माणूस आशेला लावतो. इथे टॉमने स्वतःच आशा लावून घेतली.

पण ती तर त्याच्याशी सगळं प्रेयसीसारखंच वागत होती!

हो, आणि ही तक्रार मी उडवून लावणार नाही. ती त्याचा हात धरते. कोणालाच न सांगितलेलं स्वप्न त्याला सांगते. बागेतल्या बाकावर बसून त्याच्याकडून स्वतःच्या हातावर इमारतींचं चित्र काढून घेते. भांडणानंतर पावसात भिजत त्याच्या दाराशी येते. इतकं झाल्यावर 'आपण फक्त मित्र' हे ऐकून कोणालाही राग येईल, आणि टॉमचा त्या वेळचा संताप अगदी खरा आहे. नातं कसलं हे ठरवण्यात माझंही मत आहे, असं तो तिला सुनावतो. बरोबरच आहे.

समरही परिपूर्ण नाही. तुटल्यानंतर एका लग्नात दोघं भेटतात, ती त्याच्यासोबत नाचते, येताना ट्रेनमध्ये त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपते, आणि घरच्या पार्टीला बोलावते. आयुष्यात दुसरं कोणी आलंय हे सांगत नाही. तिने सांगायला हवं होतं. शेवटी टॉम हे तिला विचारतो तेव्हा तिच्याकडेही धड उत्तर नसतं.

तरीही माझा कौल ठरलेला आहे. जवळीक हा करार नसतो. माणूस जवळ येऊनही 'नाही' म्हणू शकतो, आणि ते 'नाही' आधी केलेल्या लाडांमुळे रद्द होत नाही.

तुम्ही पहिल्यापासून समरच्या बाजूने होता का?

अजिबात नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी पुण्यात नोकरीला नवीन होते, हॉस्टेलवर राहत होते. खोलीतल्या तिघींनी एका लॅपटॉपवर बघितला आणि तिघीही समरवर तुटून पडलो. भाव खाते, कसला माज आहे, वगैरे. तेव्हा माझं स्वतःचं एका मुलावर मन जडलं होतं. तो एकदा टपरीवर चहा पिताना मला म्हणाला होता, "मला इतक्यात काही ठरवायचं नाहीये गं." मी त्या वाक्यातला फक्त 'इतक्यात' उचलला आणि दीड वर्ष वाट बघितली. त्याने मला फसवलं असंच मी मैत्रिणींना सांगत राहिले.

काही वर्षांनी सिनेमा पुन्हा लावला. आयकियाचा प्रसंग आला आणि मी तिथेच थांबवला. तो कप, टपरीचा पत्रा, त्याचा अवघडलेला आवाज, सगळं जसंच्या तसं आठवलं. तो स्पष्ट बोलला होता. ऐकणारी मी होते.

'अपेक्षा' आणि 'वास्तव' अशी दोन चौकटींची गंमत कुठे आहे?

समरच्या घरच्या, गच्चीवरच्या पार्टीला टॉम जातो तिथे. पडद्याचे दोन भाग होतात. डाव्या बाजूला 'अपेक्षा', उजवीकडे 'वास्तव'. दोन्हीकडे तोच टॉम, तेच कपडे, तोच जिना. डावीकडे ती दार उघडते आणि त्याला बिलगते. उजवीकडे ओळखीच्या माणसाला देतात तशी अर्धी मिठी देते. डावीकडे दोघं कोपऱ्यात बोलत बसतात, उजवीकडे तो चार अनोळखी लोकांत ग्लास धरून उभा. मागे रेजिना स्पेक्टरचं 'हीरो' चालू असतं.

सुरुवातीला फरक इतका बारीक असतो की डोळा दोन्हीकडे धावतो. मग दोन्ही बाजू एकमेकींपासून लांब जायला लागतात. आणि शेवटी उजवी चौकट हळूहळू सरकत डावीला गिळते. उरतं फक्त वास्तव, आणि त्यात समर कोणाला तरी बोटातली अंगठी दाखवते आहे. टॉम जिना उतरतो, रस्त्यावर येतो, भोवतालचं शहर पेन्सिलच्या चित्रासारखं होतं आणि पुसलं जातं.

मनातल्या मनात मांडे खाणं हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग. एवढ्या नेमकेपणाने ते मांडे पडद्यावर वाढलेले आणि ताटातून उचलून नेलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. इतकं साधं तंत्र, दोन चौकटी फक्त. पार्टीला निघण्यापूर्वी आरशासमोर उभं राहून संवाद ठरवलेले प्रत्येकाला आठवतील.

आयकियाचा प्रसंग दोनदा येतो का?

हो. आणि उलट्या क्रमाने. आधी २८२वा दिवस दिसतो. टॉम नळाचा विनोद करून बघतो, समर लक्षही देत नाही, पुढे निघून जाते. आपल्याला कळत नाही हा माणूस नळाबद्दल काय बोलतोय. मग ३४वा दिवस येतो, आणि तो विनोद ताजा असताना कसा होता ते दिसतं. सरळ क्रमाने दाखवलं असतं तर आपण नुसते हळहळलो असतो. असं दाखवल्यामुळे हसतानाही घशाशी काहीतरी अडकतं.

अशीच दुसरी जागा : टॉम समरच्या आवडणाऱ्या गोष्टी मोजतो. तिचं हसू, केस, गुडघे, मानेवरची हृदयाच्या आकाराची खूण. पुढे तेच तुकडे, तीच समर पुन्हा दिसते आणि आता तो तिरस्काराने बोलतो. दात वाकडे, केस जुन्या जमान्यातले, आणि मानेवरचा डाग झुरळासारखा. तिच्यात काडीचा बदल झालेला नाही. पुन्हा बघाल तेव्हा फक्त त्या खुणेकडे बघा.

तो मधेच रस्त्यावर नाचतो ते काय? हा म्युझिकल आहे का?

म्युझिकल नाही. समरसोबतच्या पहिल्या रात्रीनंतरची सकाळ आहे ती, आणि टॉमला जग जसं दिसतंय तसं आपल्याला दाखवलंय. हॉल अँड ओट्स या जोडीचं 'यू मेक माय ड्रीम्स' वाजतं, अनोळखी माणसं हस्तांदोलन करतात, बँडपथक येतं, कार्टूनमधला निळा पक्षी हातावर येऊन बसतो. गाडीच्या काचेत टॉम बघतो तर स्वतःऐवजी 'स्टार वॉर्स'मधला हॅन सोलो डोळा मारतो.

या नाचात जवळजवळ सगळ्यांच्या अंगावर निळं काहीतरी आहे. निळा हा सिनेमाभर समरचा रंग, झोई डेशनेलच्या डोळ्यांना जुळवलेला. त्या सकाळी सगळं शहरच समरच्या रंगात रंगलंय. मग टॉम ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरतो, दार बंद होतं, पुन्हा उघडतं तेव्हा आतून दाढी वाढलेला, चुरगळलेला टॉम बाहेर येतो. मधले कित्येक महिने एका लिफ्टच्या दारात संपवलेत.

मार्क वेब त्याआधी म्युझिक व्हिडिओ करायचा आणि हा त्याचा पहिलाच मोठा सिनेमा. तीन-चार मिनिटांत एक अख्खी मनःस्थिती उभी करायची त्याची सवय इथे फार उपयोगी पडली आहे.

गाणी कोणाची आहेत? लिफ्टमध्ये ती कोणतं गाणं ओळखते?

ब्रिटनच्या द स्मिथ्स या बँडचं. चौथ्या दिवशी टॉम कानात हेडफोन घालून उभा असतो, समर गाणं ओळखते, दोन ओळी गुणगुणते आणि म्हणते, मला आवडतो हा बँड. लिफ्ट थांबते, ती निघून जाते आणि टॉम गारद. एवढंच घडलंय. आवड जुळली, बस. टॉमची धाकटी बहीण रेचल, वयाने एवढीशी पोर, त्याला पुढे ऐकवते की तुझ्या आवडीच्या चमत्कारिक गोष्टी एखाद्या मुलीलाही आवडतात म्हणून ती तुझी जन्माची सोबती होत नाही. क्लोई ग्रेस मोरेट्झने ही बहीण फार झकास केली आहे. टॉम रागाने बशा फोडत असताना त्याला सावरायला हीच सायकल मारत येते.

बाकी रेजिना स्पेक्टर, फाइस्ट, कार्ला ब्रुनी, द टेम्पर ट्रॅप अशी मंडळी आहेत. संगीत मायकेल डॅना आणि रॉब सायमन्सन यांचं.

सिनेमा बघून समर का रडते? तो जुना सिनेमा कोणता?

'द ग्रॅज्युएट', १९६७ सालचा. निवेदक सुरुवातीलाच सांगतो की टॉमच्या प्रेमविषयक समजुती दोन गोष्टींतून आल्या : उदास ब्रिटिश गाणी, आणि या सिनेमाचा पूर्णपणे चुकीचा लावलेला अर्थ. त्या सिनेमाच्या शेवटी नायक भर चर्चमधून, लग्न लागलेल्या नायिकेला घेऊन पळतो आणि दोघं बसच्या मागच्या सीटवर जाऊन बसतात. लहानपणी बघणाऱ्याला वाटतं, प्रेम जिंकलं. पण कॅमेरा हलत नाही. दोघांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत जातं, एकमेकांकडे बघणंही थांबतं. आता पुढे काय, हा प्रश्न त्या बसमध्ये बसलेला असतो.

टॉमने फक्त पळून जाणं पाहिलं. समरने ते दोन चेहरे पाहिले आणि ती हमसून रडते. टॉम तिला विचारतो, पण त्याच्या लक्षात काही येत नाही. त्यानंतर दोघं हॉटेलात पॅनकेक खायला जातात आणि तिथे ती संबंध संपवते. एकच पडदा, शेजारशेजारच्या खुर्च्या, आणि दोघांनी दोन वेगळे सिनेमे बघितले.

पॅनकेकच्या वेळी ती स्वतःला 'सिड' म्हणते ते कोण?

सेक्स पिस्टल्स या बँडचा सिड व्हिशस. त्याची प्रेयसी नॅन्सी १९७८ साली न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात भोसकलेल्या अवस्थेत सापडली आणि आरोप सिडवर आला. समर म्हणते, आपण सिड-नॅन्सीसारखे झालोय. टॉम म्हणतो, मी काही सिड नाही. ती सांगते, नाहीस, सिड मी आहे. हसू यावं आणि पोटात गोळा यावा, दोन्ही एकदम.

ही खरी गोष्ट आहे का?

बऱ्याच अंशी. लेखक न्यूस्टॅटरने स्वतः सांगितलंय की लंडनमध्ये शिकत असताना त्याच्या आयुष्यात आलेल्या एका मुलीवरून हे लिहिलं. सिनेमाच्या सुरुवातीला एक पाटीही येते : पात्रांचं कोणाशी साम्य आढळल्यास योगायोग समजावा, आणि त्याखाली त्या मुलीचं नाव घेऊन एक शिवी. ती शिवी मला आजही खटकते. पण ती तिथे आहे म्हणून एक गोष्ट कळते : हे सांगणारा माणूस अजून दुखावलेला आहे, त्याची बाजू म्हणजे सत्य असं धरून चालू नका.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढे आहे. लेखकाने नंतर त्या मुलीला पटकथा दाखवली, तेव्हा तिला स्वतःमध्ये समर दिसलीच नाही. तिला टॉम जवळचा वाटला.

समर हे पात्र नीट लिहिलेलंच नाही, तिचं मन कळतच नाही. हा दोष नाही का?

टीका जुनी आहे आणि तिच्यासाठी इंग्रजी समीक्षेत एक शब्दही आहे, 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल'. समीक्षक नेथन रॅबिनने तो २००७ साली एका वेगळ्या सिनेमाबद्दल लिहिताना घडवला. उदास नायकाला जगायला शिकवण्यापुरतीच अवतरणारी, स्वतःचं आयुष्य नसलेली, गोड-विक्षिप्त मुलगी, असा त्याचा अर्थ. पुढे तो शब्द कुठल्याही नायिकेला चिकटवला जाऊ लागला, तेव्हा २०१४मध्ये रॅबिनने जाहीरपणे माफी मागून तो मागे घेतला.

समरला तो शब्द लावता येतो, पण त्याचं कारण सिनेमाला माहीत आहे. मार्क वेबने हे बोलूनही दाखवलंय की ही टॉमच्या नजरेतली समर आहे, बाईकडे बघण्याची ती एक अपरिपक्व नजर आहे. गॉर्डन-लेव्हिटनेही मुलाखतींत टॉमला स्वार्थी म्हटलंय आणि प्रेक्षकांना त्याच्या वागण्याकडे पुन्हा बघायला सांगितलंय. निवेदक तर गंभीर आवाजात सांगतो की समर शिकत असताना आइस्क्रीमच्या दुकानात काम करायची तेव्हा दुकानाची कमाई २१२ टक्क्यांनी वाढली. हे आकडे प्रेमात पडलेल्या डोक्यातून निघालेले आहेत.

ज्या दोन-चार जागी खरी समर डोकावते तिथे ती एकटी आहे. आईवडिलांचं लग्न मोडल्यानंतर तिला फक्त दोन गोष्टी आवडत होत्या : आपले लांब काळे केस, आणि ते कापून टाकताना काहीच न वाटणं. एवढ्या एका वाक्यात मुलगी उभी राहते. टॉमने तिच्या या दुःखाबद्दल कधी नीट विचारलंय असं सिनेमात दिसत नाही. तो तिला ओळखत नाही म्हणून आपणही ओळखत नाही.

मग हे साधं एकतर्फी प्रेमच झालं ना?

पूर्ण एकतर्फी नाही, समरलाही टॉम आवडत होता. पण हा शब्द निघालाच आहे तर बोलते, कारण मराठीत तो फार जड झाला आहे. वर्तमानपत्रात 'एकतर्फी प्रेमातून' हे दोन शब्द दिसले की पुढे काय वाचायला लागणार याने काळजात धस्स होतं. आपल्या कित्येक सिनेमांनी पोरांना शिकवलं की ती नाही म्हणाली तरी मागे लागायचं, शेवटी ती हो म्हणते.

टॉम समरला इजा करत नाही. तो बशा फोडतो, अंथरुणात पडून राहतो, नोकरी सोडतो. पण 'मला इतकं वाटतंय म्हणजे तिलाही वाटलंच पाहिजे' हा हट्ट त्याच्यातही आहे, आणि सिनेमा तो हट्ट नायकाचा गुण म्हणून दाखवत नाही. बारमध्ये समरला त्रास देणाऱ्या माणसाला टॉम ठोसा मारतो. दुसऱ्या कोणत्याही सिनेमात ती त्याच्या गळ्यात पडली असती. इथे ती चिडते, कारण तो ठोसा तिच्यासाठी नव्हता. त्या माणसाने तिला सोडून टॉमची लायकी काढली तेव्हा तो उठला होता. म्हणून मी हा सिनेमा कॉलेजातल्या मुलांना आवर्जून दाखवते.

सिनेमातल्या जागा खऱ्या आहेत का? तो बाक कुठे आहे?

लॉस एंजेलिसचा जुना मध्यभाग. गोष्ट आधी सॅन फ्रान्सिस्कोत घडणार होती, नंतर इकडे आणली, आणि ते फार बरं झालं. समुद्रकिनारे आणि ताडाची झाडं यांतलं काही न दाखवता या सिनेमाने त्या शहराच्या जुन्या इमारतींवर प्रेम केलंय. बाक आहे एंजल्स नॉल नावाच्या टेकाडावरच्या बागेतला, तिथून टॉम आवडत्या इमारती दाखवतो. ती बाग २०१३ साली बंद झाली. शेवटी टॉम आर्किटेक्टच्या नोकरीसाठी मुलाखतीला जातो ती ब्रॅडबरी बिल्डिंग १८९३ सालची, आत लोखंडी नक्षीचे जिने आणि वरून येणारा उजेड. 'ब्लेड रनर' या सिनेमातही हीच इमारत आहे.

समरने शेवटी लग्न केलं! मग प्रेम मानत नाही म्हणाली होती ते?

ते तेव्हा खरं होतं. बाकावर बसून ती टॉमला सांगते की एका सकाळी उठले आणि कळलं, तुझ्याबाबतीत ज्याची मला कधीच खात्री वाटली नाही ते कळलं. ऐकायला क्रूर वाटतं. पण इतकं प्रामाणिक उत्तर मिळणं हे नशीब समजावं. तिचं मत बदललं, फक्त टॉमच्या बाबतीत बदललं नाही. दोघांचीही मतं इथे एकमेकांच्या जागी गेली आहेत : ती नशीब मानायला लागली आणि त्याने सोडलं.

पाचशेव्या दिवशी भेटलेल्या मुलीचं नाव 'ऑटम'. जरा जास्तच झालं नाही का?

समर म्हणजे उन्हाळा, ऑटम म्हणजे पानगळ. मलाही पहिल्यांदा खटकलं होतं. आकडा पुन्हा १वर येतो तेव्हा तर वाटतं, आली याची गाडी मूळ पदावर. पण त्या आधीची दोन मिनिटं बघा. मुलाखतीला आलेला टॉम जरा थांबतो, मागे वळतो आणि तिला कॉफीला विचारतो. ती आधी नाही म्हणते, मग विचार करून हो म्हणते. समरच्या वेळी टॉम नशिबाच्या भरवशावर होता, पुढचं पाऊल प्रत्येक वेळी तिनेच टाकलं. इथे त्याने विचारलं आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबला.

लेखक-दिग्दर्शकांचं पुढे काय झालं?

पटकथेला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला, सिनेमाला आणि गॉर्डन-लेव्हिटला गोल्डन ग्लोबचं नामांकन. वेबने नंतर 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' केला. न्यूस्टॅटर-वेबर या जोडीने 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'ची पटकथा लिहिली.

घरच्यांसोबत बघता येईल का?

वयात आलेल्या मुलांसोबत जरूर. शिव्या आहेत, शरीरसंबंधांचे उल्लेख आहेत, आणि बागेत बसून एक अवघड शब्द आलटूनपालटून मोठ्याने ओरडायचा खेळ आहे. आजी-आजोबा खोलीत असतील तर ती दोन मिनिटं जड जातील.

नुकताच ब्रेकअप झालाय. आत्ता बघू का?

दोन-तीन महिने थांबा. ताज्या जखमेवर तुम्ही फक्त टॉमचेच डोळे लावून बघाल. थांबवत नसेलच तर कोणालातरी सोबत घेऊन बघा, आणि रेचलकडे लक्ष ठेवा. ती त्याला सांगते की पुढच्या वेळी मागे वळून बघशील तेव्हा पुन्हा एकदा नीट बघ. त्यानंतर टॉम जुन्याच आठवणी पुन्हा काढतो, आणि या वेळी त्यांत समरचा मागे ओढलेला हात दिसतो, दुसरीकडे गेलेली नजर दिसते. सगळं तिथेच होतं.

दुसऱ्यांदा बघताना आधी कुठे लक्ष द्यायचं?

अगदी पहिल्या दृश्याकडे, ४८८व्या दिवसाकडे. दोघं बाकावर बसलेत, तिचा हात त्याच्या हातावर आहे आणि तिच्या बोटात अंगठी आहे. पहिल्या वेळी माझी मैत्रीण तिथेच टाळी वाजवून म्हणाली होती, "जमलं बघ यांचं!" ती अंगठी कोणाची हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.